गाडी गेल्यावर वाजणारा अलर्ट: नो-कोड प्रवासी ॲपमधला उशीर कसा शोधायचा

डोंबिवली ते कर्जत या पट्ट्यातल्या नोकरदारांसाठी आम्ही काही जणांनी गाडीच्या उशिराचा अलर्ट देणारं एक ॲप उभं केलं. कोडिंग आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं, म्हणून नो-कोड, म्हणजे प्रोग्राम न लिहिता ॲप बनवायची साधनं वापरली. स्थानकावर उभा असलेला सभासद गूगल फॉर्म भरतो, नोंद गूगल शीटमध्ये पडते. तिथून ॲप्स स्क्रिप्टचा (शीटला जोडून चालणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामचा) एक छोटा तयार तुकडा किंवा मेकसारखं जोडणीचं साधन ती उचलतं आणि टेलिग्रामवर व ॲपवर पाठवतं. रविवारच्या मेगाब्लॉकची माहिती आम्ही शनिवारी हातानं भरतो. नंतर बदलापूरच्या एका सोसायटीनं असंच ॲप केलं, मग ठाण्यातल्या मुलांनी कॉलेजसाठी, मग पुण्यात बसनं जाणाऱ्या एका गटानं. प्रत्येकाचा काही महिन्यांत मला फोन आला आणि तक्रारीचं वाक्य सगळ्यांचं एकच होतं: "अलर्ट येतो, पण गाडी गेल्यावर."

ही तक्रार किरकोळ समजू नका. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या एक परिचारिका ताई मला म्हणाल्या होत्या, "अलर्ट नसता तर मी नेहमीसारखी दहा मिनिटं आधी निघाले असते. तुमच्यावर विसंबून राहिले, म्हणून गाडी चुकली." तेव्हापासून उशिरा पोचणाऱ्या अलर्टला मी न आलेल्या अलर्टपेक्षा मोठा बिघाड धरते.

आधी लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते ओळखा. बऱ्याचदा दोन लक्षणं एकत्र असतात.

– अलर्ट उशिरा येतो आणि उशीर रोज वेगळा असतो. कधी चार मिनिटं, कधी चाळीस.
– उशीर ठरावीक असतो: बरोब्बर साडेपाच तास, किंवा साडेनऊ तास.
– फोन हातात घेतला की चार-पाच अलर्ट एकदम वाजतात.
– सकाळी सगळं ठीक, संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला शुकशुकाट. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.
– महिन्याचे पहिले दहा दिवस छान, नंतर काहीच नाही.
– जुन्या सभासदांना मिळतो, नव्यांना कधीच मिळत नाही.
– शीट तुमच्या लॅपटॉपवर उघडी असते तोवर नवी माहिती येते, लॅपटॉप मिटला की थांबते.
– एकच अलर्ट दोनदा येतो.
– फक्त एखाद्या स्थानकाचा, एखाद्या बसचा किंवा मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांचा अलर्ट येत नाही.

काहीही बदलायच्या आधी एक कागद घ्या

चुकलेला एकच अलर्ट निवडा आणि त्याच्या चार वेळा लिहून काढा: फॉर्म कधी भरला, शीटमध्ये ओळ कधी उमटली, साधनानं तो कधी पाठवला, फोन कधी वाजला. पहिली भरणाऱ्याला विचारा, दुसरी शीटच्या टाइमस्टॅम्पमध्ये आहे, तिसरी स्क्रिप्टच्या एक्झिक्युशन्स यादीत किंवा मेकच्या हिस्टरीत, चौथी सभासदाच्या फोनवर.

बदलापूरच्या सोसायटीच्या कागदावर हे होतं: ६.४१, ६.४१, ६.५५, ७.०८. त्यांना वाटत होतं इंटरनेट हळू आहे. कागदानं सांगितलं की बिघाड दोन आहेत. शीट ते पाठवणी १४ मिनिटं आणि पाठवणी ते फोन १३ मिनिटं. पहिला जोडणीच्या साधनात होता, दुसरा फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये. कागद केला नसता तर एक दुरुस्त करून "अजूनही उशीरच होतोय" म्हणत त्यांनी तीही दुरुस्ती उलटी फिरवली असती. असं होताना मी दोनदा पाहिलं आहे.

आता खालच्या तपासण्या क्रमानं करा. पहिल्या काहींना पैसा लागत नाही आणि पाच-दहा मिनिटांत होतात. क्रम मोडून थेट स्क्रिप्टमध्ये हात घालू नका.

१. फोन

तिसऱ्या आणि चौथ्या वेळेत अंतर असेल तर दोष ॲपमध्ये नाही, फोनमध्ये आहे. मला येणाऱ्या तक्रारींत हेच सर्वांत जास्त वेळा निघतं, म्हणून सुरुवात इथून.

अँड्रॉइडमध्ये २०१५ साली आलेल्या ६.० आवृत्तीपासून 'डोझ' नावाची सोय आहे. फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो बराच वेळ हलला नसेल, तर फोन झोपतो आणि साधी नोटिफिकेशनं साठवून मधूनमधून एकदम घेतो. रात्रभर फडताळावर पडलेला फोन पहाटे नेमका याच अवस्थेत असतो. म्हणजे ज्याला पहिल्या लोकलचा अलर्ट सर्वांत जास्त गरजेचा, त्याचाच फोन झोपलेला. हातात घेतला की जागा होतो, आणि म्हणून पाच अलर्ट एकदम वाजतात.

सेटिंग्जमध्ये त्या ॲपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. कित्येक फोनांत 'ऑटोस्टार्ट' नावाची वेगळी कळ असते, तीही चालू करा. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनसाठी प्रत्येक ॲपला परवानगी मागावी लागते. पहिल्यांदा उघडताना घाईत 'नको' दाबलेलं असेल तर ॲप गप्प बसतं. 'डू नॉट डिस्टर्ब' सकाळी सातपर्यंत लावून ठेवणारेही पुष्कळ आहेत. आणि टेलिग्रामवर चॅनेल म्यूट तर नाही ना, ते पाहा.

आयफोनवाल्यांचं वेगळं. नो-कोड साधनानं बनवलेलं ॲप बहुतेकदा वेबसाइटच असते, ॲपसारखी दिसणारी. अशा वेबसाइटला आयफोनवर नोटिफिकेशन देता येऊ लागलं ते २०२३ मधल्या आयओएस १६.४ पासून, आणि तेही ती होमस्क्रीनवर टाकली असेल तरच. सफारीत उघडून बुकमार्क केलेल्या माणसाला अलर्ट येणार नाही, कितीही सेटिंग्ज तपासा. "शेअर दाबा, होमस्क्रीनवर टाका, तिथूनच उघडा, मग परवानगी द्या" हे चार टप्पे चित्रांसह गटात टाकून ठेवा. आमच्याकडे आयफोनच्या निम्म्याहून जास्त तक्रारी एवढ्यानं मिटल्या.

खात्री कशी करायची: फोन लॉक करून अर्धा-पाऊण तास टेबलावर राहू द्या, हात लावू नका. मग दुसऱ्या कुणाकडून चाचणी अलर्ट पाठवा. हातातल्या फोनवर घेतलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही, कारण हातातला फोन जागाच असतो.

२. घड्याळ

उशीर ठरावीक असेल तर हीच जागा. साडेपाच तासांचा फरक म्हणजे कुठेतरी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरली गेली आहे. भारतीय वेळ तिच्यापेक्षा ५ तास ३० मिनिटं पुढे असते. ठाण्याच्या मुलांकडे मात्र फरक साडेनऊ तासांचा होता आणि कुणालाच उलगडा होईना. शेवटी कळलं की मूळ शीट त्यांच्यातल्या एकाच्या, अमेरिकेत न्यू जर्सीत राहणाऱ्या दादानं हौसेनं बनवून दिली होती, म्हणून फाइलला तिथला टाइम झोन चिकटलेला. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की हाच फरक साडेदहा तासांचा झाला असता आणि गोंधळ आणखी वाढला असता.

टाइम झोन एका ठिकाणी बदलून भागत नाही. शीटच्या फाइल-सेटिंग्जमध्ये एक असतो, ॲप्स स्क्रिप्टच्या प्रकल्पाला स्वतःचा वेगळा असतो, जोडणीच्या साधनातल्या खात्याला तिसरा. तिन्हीकडे कोलकाता निवडा.

तिथेच 'लोकेल', म्हणजे कोणत्या देशाच्या पद्धतीनं तारखा वाचायच्या ते पाहा. ते अमेरिकेचं असेल तर ०७/०८ म्हणजे ७ ऑगस्ट नाही, ८ जुलै. याची खूण फार स्पष्ट असते: महिन्याच्या १ ते १२ तारखांना अलर्ट भलत्याच दिवशी जातो, आणि १३ पासून शीट त्या मजकुराला तारीख मानतच नाही, म्हणून अलर्ट जात नाही. मेगाब्लॉकच्या तारखा हातानं भरणाऱ्यांना हे हमखास भोवतं. लोकेल भारत करा आणि तारखेच्या रकान्याला कॅलेंडर लावा, म्हणजे कुणी टाइप करणार नाही.

३. मजकूर जुळतो का

एकाच स्थानकाचा किंवा बसचा अलर्ट येत नसेल तर सेटिंग्ज सोडा, अक्षरं पाहा.

मुंबईत बेस्टच्या बसच्या पुढच्या पाटीवर क्रमांक मराठी आकड्यांत असतो. सभासद पाटी बघतो तसं फॉर्ममध्ये लिहितो, आणि शीटमधल्या यादीत तोच क्रमांक इंग्रजी आकड्यांत असतो. ४५ आणि 45 आपल्याला दोन्ही पंचेचाळीसच, पण यंत्राला ती वेगळी चिन्हं आहेत. जुळणी होत नाही आणि अलर्ट कुणाकडेच जात नाही. चूक झाल्याचा संदेशही येत नाही, म्हणून हा दोष महिनोन्महिने लपून राहतो.

नावांचंही तसंच. पुण्याच्या गटाला 'गोऱ्हे' या थांब्याचा अलर्ट मिळत नव्हता. दोन्हीकडचं नाव डोळ्यांना अगदी सारखं. पण ऱ्ह दोन-तीन तऱ्हांनी टाइप करता येतो: काही कीबोर्ड वेगळं 'ऱ' अक्षर वापरतात, काही साध्या र ला हलंत देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. स्क्रीनवर दोन्ही गोऱ्हेच. मी शीटमधल्या दोन्ही चौकटींची लांबी अक्षरं मोजणाऱ्या 'लेन' सूत्रानं मोजली तेव्हा एकीत एक अक्षर जास्त निघालं. नावाच्या शेवटी राहिलेली रिकामी जागाही याच युक्तीनं सापडते.

उपाय एकच आणि कायमचा: स्थानक, मार्ग, दिशा हे टाइप करू देऊच नका, ड्रॉपडाऊन द्या. आणि जुळणी नावावर न करता प्रत्येक थांब्याला दिलेल्या छोट्या कोडवर करा. तो कोड ०० नं सुरू होत असेल तर रकाना आधी 'साधा मजकूर' करून घ्या, नाहीतर शीट पुढची शून्यं खाऊन टाकते.

४. ट्रिगर

पहिल्या तीन तपासण्यांत निघालं नाही, आणि कागदावर दुसऱ्या-तिसऱ्या वेळेत अंतर आहे, तर इथे निवांत बसा.

ट्रिगर म्हणजे "केव्हा बघायचं" हे ठरवणारी कळ. पहिला प्रश्न: ट्रिगर कोणत्या जातीचा आहे? 'एडिट झाल्यावर' चालणारा ट्रिगर माणसानं शीटमध्ये हातानं बदल केला तरच चालतो. फॉर्ममधून आलेल्या ओळीला तो जागा होत नाही. चाचणी करताना आपण हातानं ओळ लिहितो म्हणून ती यशस्वी होते, आणि प्रत्यक्षात फॉर्म भरला की काही घडत नाही. तुम्हाला हवा तो 'फॉर्म भरल्यावर' चालणारा ट्रिगर. तो लावला की दर पाच-पंधरा मिनिटांनी बघण्याची गरजच संपते आणि उशीर काही सेकंदांवर येतो. माझ्या मते या सगळ्या यादीतली सर्वांत मोलाची दुरुस्ती हीच.

वेळेवर चालणारा ट्रिगर ठेवायचाच असेल तर त्याचा स्वभाव समजून घ्या. ॲप्स स्क्रिप्टमध्ये १, ५, १०, १५ किंवा ३० मिनिटांचं अंतर निवडता येतं. पण 'रोज सकाळी ६' असा लावलात तर तो ठोक्याला चालत नाही, सहा ते सातमध्ये केव्हातरी चालतो. पहिल्या लोकलसाठी हा पर्याय निरुपयोगी आहे.

दुसरा प्रश्न: ट्रिगर कुणाच्या खात्यावर आहे? तो लावणाऱ्याच्या खात्यावरच चालतो. तो गट सोडून गेला, त्यानं परवानगी काढली, की थांबतो. बिघाडाचा ईमेलही त्याच्याचकडे जातो. आणि एकच ट्रिगर दोघांनी आपापल्या खात्यातून लावला असेल तर प्रत्येक अलर्ट दोनदा जातो. दुसऱ्यानं लावलेला तुम्हाला सहज दिसत नाही, म्हणून ज्यांच्याकडे शीट बदलण्याचा अधिकार आहे त्या सगळ्यांना विचारावंच लागतं. गटासाठी एक वेगळं गूगल खातं काढा, सगळे ट्रिगर त्याच्यावर ठेवा, त्याचा पासवर्ड दोघांकडे असू द्या.

तिसरं, सूत्रं. फॉर्मची नवी ओळ शीटमध्ये घुसवली जाते, त्यामुळे शेजारच्या रकान्यात वरून खाली ओढलेलं सूत्र कित्येकदा त्या ओळीत येतच नाही. 'पाठवायचं का' हा रकाना रिकामा, म्हणून स्क्रिप्ट ओळ सोडून देते. सूत्र पहिल्या ओळीत 'ॲरेफॉर्म्युला'नं लिहा किंवा दुसऱ्या पानावर हिशोब करा.

चौथं. कुणी एखाद्या संकेतस्थळावरचं वेळापत्रक 'इम्पोर्टएचटीएमएल' किंवा 'इम्पोर्टडेटा' सूत्रानं ओढत असेल, तर ती सूत्रं तासाला एकदा ताजी होतात आणि तीही शीट उघडी असताना. तुमचा लॅपटॉप मिटला की माहिती शिळी होते, असं का होतं ते आता लक्षात येईल. मिनिटामिनिटाच्या कामासाठी ती नाहीतच.

५. कोटा

संध्याकाळची शांतता आणि दहा तारखेनंतरची शांतता, दोन्हींचं उत्तर साध्या गुणाकारात आहे.

साधन एकदा शीट बघून येतं ती एक फेरी. मेकच्या मोफत खात्यात दोन फेऱ्यांत किमान १५ मिनिटांचं अंतर ठेवावं लागतं आणि महिन्याला १,००० क्रिया मिळतात. पंधरा मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला ९६ फेऱ्या. नवीन काही नसलं तरी "आहे का काही?" या विचारण्याचीही एक क्रिया मोजली जाते. दहा दिवसांत ९६० संपल्या, अकराव्या दिवशी बंद. एकही अलर्ट न पाठवता!

ॲप्स स्क्रिप्टचा हिशोब दिवसाचा. साध्या जीमेल खात्याला सगळ्या ट्रिगरांचा मिळून दिवसाला ९० मिनिटं, म्हणजे ५,४०० सेकंद चालण्याचा वेळ मिळतो. दर मिनिटाला ट्रिगर लावलात तर १,४४० फेऱ्या, म्हणजे प्रत्येक फेरीला पावणेचार सेकंद. ठाण्याच्या मुलांची फेरी आठ सेकंद घेत होती. ५,४०० भागिले ८ म्हणजे ६७५ फेऱ्या, म्हणजे सव्वाअकरा तास. कोट्याचे २४ तास पहिल्या फेरीपासून मोजले जातात. त्यांची मोजणी सकाळी सहाला सुरू व्हायची, म्हणून सव्वापाचला ॲप गप्प. मुलं मला सांगत होती की संध्याकाळी टॉवरवर ताण येतो. ताण कुठेच नव्हता.

आठ सेकंद का लागत होते? कारण स्क्रिप्ट प्रत्येक वेळी पहिल्या ओळीपासून चार हजार जुन्या ओळी एकेक करून वाचत होती. जुन्या ओळी दुसऱ्या पानावर हलवल्यावर फेरी दीड सेकंदावर आली. पैसे भरून मोठा प्लॅन घेण्याआधी हे करा. योजनांचे आकडे कंपन्या बदलत असतात, तेव्हा स्वतःच्या खात्यातलं वापराचं पान उघडून ताजे आकडे घ्या आणि हाच गुणाकार त्यावर करा.

६. टेलिग्राम

बॉट, म्हणजे आपोआप संदेश पाठवणारं टेलिग्रामचं खातं, माणसाला आपणहून पहिला संदेश पाठवू शकत नाही. सभासदानं एकदा तरी 'स्टार्ट' दाबावं लागतं. त्यानं ब्लॉक केलं असेल तर लॉगमध्ये, म्हणजे साधनाच्या नोंदवहीत, ४०३ हा 'मनाई'चा क्रमांक दिसतो. गटाचा सुपरग्रुप (टेलिग्रामचा मोठ्या गटाचा प्रकार) झाला की त्याचा आयडी बदलतो आणि जुन्या आयडीवर पाठवलेलं काही पोचत नाही. सभासद तेच, नाव तेच, म्हणून शंका येत नाही. नवा आयडी घेऊन शीटमध्ये टाका. चॅनेल असेल तर बॉट तिथे ॲडमिन आहे का पाहा.

पण इथला खरा प्रश्न नव्या सभासदांचा. आमच्याच ॲपमध्ये तो आला होता. प्रत्येक सभासदाला वेगळा संदेश जायचा, एकामागून एक, प्रत्येकी साधारण अर्धा सेकंद. सभासद ९०० झाले. ॲप्स स्क्रिप्टची एक फेरी जास्तीत जास्त ६ मिनिटं, म्हणजे ३६० सेकंद चालते. त्यात ७२० संदेश गेले की फेरी कापली जाते. ७२१ पासून पुढचे १८० जण, म्हणजे यादीत सर्वांत शेवटी आलेले, कधीच अलर्ट पाहत नव्हते. ते बिचारे आपला फोन खराब समजून गप्प होते. एका काकांनी तर नवा फोन घेतला.

यावर वेग वाढवणं हा उपाय नाही. टेलिग्रामकडेही मर्यादा आहेत: सगळे मिळून सेकंदाला साधारण ३० संदेश, एका गटात मिनिटाला २०. ओलांडल्यात की 'फार संदेश झाले' सांगणारा ४२९ हा क्रमांक येतो आणि त्यासोबत किती सेकंद थांबायचं तेही येतं. उपाय म्हणजे चॅनेल. चॅनेलवर एकच संदेश टाकायचा, पुढे पोचवणं टेलिग्रामचं काम. मार्गनिहाय चार-पाच चॅनेल करा, सभासद आपल्याला हवी ती जोडतील. एक जास्तीचा फायदा असा की लोकांचे आयडी तुम्हाला साठवावे लागत नाहीत.

७. शिळा अलर्ट अडवा

वरचं सगळं नीट केलं तरी कधीतरी उशीर होणारच. नेटवर्क जाईल, सर्व्हर अडकेल. म्हणून पाठवण्याआधी एक अट घाला: नोंद होऊन २० मिनिटं उलटली असतील तर अलर्ट जाऊ देऊ नका. मेकमध्ये हा एक फिल्टर आहे, स्क्रिप्टमध्ये एक ओळ. मेगाब्लॉकसारख्या आधी ठरलेल्या सूचनांना ही अट न लावता 'संपण्याची वेळ' हा वेगळा रकाना ठेवा.

आणि प्रत्येक संदेशात नोंदीची वेळ लिहा. आमचा संदेश आता असा जातो: "डाऊन स्लो १५ मिनिटं उशिरा. ठाण्यात पाहिलं ६.४१ ला." वाचणारा स्वतः ठरवतो की ७.१० ला यावर विश्वास ठेवायचा की नाही. 'आत्ता', 'सध्या' हे शब्द आम्ही काढून टाकले. संदेश केव्हा वाचला जाईल हे पाठवणाऱ्याच्या हातात नसतं.

८. अधिकृत डेटा घेत असाल तर

काही ठिकाणी वाहतूक संस्था आपली वेळापत्रकं जीटीएफएस या ठरलेल्या स्वरूपात खुली करतात. २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलँडची ट्रायमेट ही संस्था आणि गूगल यांनी ते स्वरूप सुरू केलं. दिल्लीच्या बसचा डेटा त्यात मिळतो, कोची मेट्रोनं २०१८ मध्ये आपलं वेळापत्रक त्यात खुलं केलं. दिल्लीत असं ॲप बनवणाऱ्या एका मराठी मित्राला मदत करताना मला तीन जागा सापडल्या.

मध्यरात्रीनंतरची गाडी तिथे २५:३५:०० अशी लिहिलेली असू शकते. ही चूक नाही. मुंबईच्या प्रवाशाला हे समजावायला नको: रात्री साडेबारानंतर सुटणारी शेवटची लोकल आपण कालचीच गाडी मानतो. जीटीएफएसही तेच मानतो, सेवेचा दिवस मध्यरात्रीला संपवत नाही. पण तुमचं साधन २५ तास पाहून गोंधळतं किंवा ते १.३५ करून त्याच तारखेला, म्हणजे चोवीस तास आधी लावतं. तास २४ किंवा त्याहून जास्त असतील तर २४ वजा करा आणि तारीख एक दिवस पुढे न्या.

कॅलेंडरच्या फाइलला शेवटची तारीख असते. ती उलटली की सगळ्या गाड्या एका रात्रीत नाहीशा होतात. एक तारखेला किंवा नव्या वर्षी सगळंच बंद पडलं तर आधी हे पाहा. सणांचे बदल वेगळ्या फाइलमध्ये असतात, तिथे १ म्हणजे त्या दिवशी सेवा जादा आणि २ म्हणजे रद्द. हे उलट वाचलं की दिवाळीला नेमके उलटे अलर्ट जातात.

थेट माहितीच्या अलर्टला सुरू-बंद होण्याची वेळ दिलेली नसेल, तर फीडमध्ये (संस्थेच्या सतत ताज्या होणाऱ्या फाइलमध्ये) तो असेपर्यंत चालू धरायचा असा नियम आहे. म्हणून प्रत्येक फेरीत तो नवा समजून पुन्हा पाठवू नका, त्याचा आयडी 'पाठवले' यादीत ठेवून ताडून पाहा. बसच्या जागेची नोंद ९० सेकंदांपेक्षा जुनी असेल तर तिच्यावर अलर्ट काढू नका.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

थेट फीड उघडल्यावर ओळखीच्या मजकुराऐवजी अगम्य चिन्हं दिसली तर फाइल खराब नाही. ती प्रोटोकॉल बफर नावाच्या यंत्राच्या स्वरूपात आहे. ती उलगडायला प्रोग्रामर लागतो. नो-कोड साधनात त्यावर आठवडे घालवू नका. हे काम त्याला एकदाच करावं लागतं.

सगळ्यांचे ट्रिगर तपासूनही अलर्ट दोनदा जात असेल तर बहुधा दोन फेऱ्या एकमेकींवर चढताहेत: पहिलीनं 'पाठवले' अशी खूण करायच्या आतच दुसरी तीच ओळ उचलते. याला कुलूप, म्हणजे एक फेरी संपेपर्यंत दुसरीला थांबवणारी सोय, घालावं लागतं आणि ते चुकीचं घातलं तर सगळेच अलर्ट अडकतात. हेही स्वतः करू नका.

सभासदांचे फोन नंबर किंवा ते कुठे आहेत याची माहिती साठवायची वेळ आली की थांबा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी एखादी मुलगी रोज किती वाजता कुठल्या स्थानकावर एकटी उभी असते, ही यादी लिंक असलेल्या कुणालाही दिसेल अशा शीटमध्ये असता कामा नये.

बॉटचा टोकन (बॉट चालवायची गुप्त किल्ली) अशा शीटमध्ये दिसला तर मात्र कुणाची वाट पाहू नका. टेलिग्रामवर बॉट बनवून देणाऱ्या बॉटफादरकडे जाऊन तो त्याच क्षणी रद्द करा, नवा घ्या, आणि मग जाणकाराला फोन करा.

अपघात, आग, चेंगराचेंगरी यांचे अलर्ट या ॲपवरून देऊ नका. त्यासाठी रेल्वेची १३९ ही मदतवाहिनी आहे. तिचा नंबर ॲपच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ठेवा.

जाणकाराला बोलावलंत की त्याच्या हातात तीन गोष्टी द्या: चुकलेल्या तीन अलर्टांचे चार-चार वेळांचे कागद, लॉगमधला चुकीचा संदेश जसाच्या तसा, आणि गेल्या पंधरवड्यात कुणी काय बदललं त्याची यादी. बदलापूरच्या सोसायटीनं असे कागद दिले तेव्हा त्यांचा दुहेरी अलर्ट एका संध्याकाळी सुटला.

दुरुस्ती चालू असेल तोवर अलर्ट पूर्ण बंद ठेवा आणि चॅनेलवर संदेश पिन करा: "अलर्ट सेवा बंद आहे. नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी निघा, फलाटावरचा इंडिकेटर आणि उद्घोषणा पाहा." सुरू केल्यावर पहिले तीन दिवस पहाटे साडेपाचला एक चाचणी अलर्ट पाठवा आणि झोपलेल्या फोनवर तो किती वाजता वाजला ते पाच सभासदांना लिहून ठेवायला सांगा.